कोर्टाची तारीख चुकली, लायसन अडकलं: सुरुवात कुठून करायची?

(आमच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या आणि आरटीओ कामकाजाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर)

"दंड किती असेल तो भरतो, पण लायसन आजच्या आज काढून द्या." आमच्या टेबलासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा हेच म्हणतो. पाकीट हातात असतं, पैसे द्यायची तयारी असते. आम्ही विचारतो, तारीख कधी होती? मग गडी खाली बघतो. तारीख दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेलेली असते, समन्सचा कागद डिकीत भिजून लगदा झालेला असतो आणि त्यानंतर कोर्टात काय झालं याचा पत्ता नसतो. असे इतके जण येतात की शेवटी हे लिहूनच काढलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोर्टातली केस आणि लायसनवरची कारवाई ही दोन वेगळी कामं आहेत. कोर्टात दंड भरला म्हणून आरटीओतलं निलंबन आपोआप उठत नाही. उलट तीन महिने गाडी घरी लावून निलंबनाची मुदत काढली, तरी कोर्टातली केस जिथल्या तिथं राहते. एक काम झालं की दुसरंही झालं असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि वर्षभरानं दारात वॉरंट येतं.

तारीख कसली होती?

ई-चलान भरायचं राहिलं आणि ते व्हर्च्युअल कोर्टात गेलं, असा मेसेज आला असेल तर घाबरायचं कारण नाही. तिथं समोर उभं राहावं लागत नाही. व्हर्च्युअल कोर्टाच्या सरकारी संकेतस्थळावर आपला गाडी नंबर किंवा चलान नंबर टाकायचा. दंड मान्य असेल तर तिथंच भरायचा, मान्य नसेल तर तसं नोंदवायचं. नोंदवलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं आणि मग मात्र तारखा सुरू होतात. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली असेल तर ती उघडू नका. चलान कधीच एपीके फाइलमधून येत नाही. ती उघडली की बँकेचं खातं रिकामं व्हायची पाळी येते.

प्रत्यक्ष समन्स आलं असेल आणि तुम्ही गेला नसाल, तर मामला एक पायरी वरचा. समन्स मिळूनही कोर्टात न जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं तिथं लिहिलंय. म्हणजे मूळ चूक हजार रुपयांची आणि गैरहजेरी त्याहून भारी.

तिसरा प्रकार दारू पिऊन गाडी चालवल्याचा. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा चौकात पावती फाडून मिटत नाही, लोकअदालतीतही तडजोडीनं मिटत नाही. यात जामिनावर किंवा जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) सुटून आला असाल आणि मग तारखेला गेला नसाल, तर न्याय संहितेचं कलम २६९ लागू शकतं. त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे, शिवाय मुचलक्याची रक्कम जप्त होते. असे ग्राहक आले की आम्ही चहासुद्धा विचारत नाही, आधी वकिलांकडे पाठवतो.

केस कुठं आहे ते शोधा

ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत गुन्हा, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केस. तुम्ही राहायला राजारामपुरीत असलात तरी गाडी इचलकरंजीत धरली असेल तर कोर्ट इचलकरंजीचं. निपाणीत (म्हणजे कर्नाटकात) किंवा गोव्यात सापडला असाल तर केस त्याच राज्यात चालते, कोल्हापुरात अर्ज देऊन ती मिटत नाही.

कोल्हापूर शहरातल्या केसेस कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चालतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण जुन्या सवयीनं लोक अजून सीपीआरजवळच्या जुन्या कोर्टात जातात. तिथं ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. हेल्मेटच्या केसची तारीख विचारायला उच्च न्यायालयाच्या दारात उभं राहिलेले दोन ग्राहक आमच्याच ओळखीचे आहेत.

मोबाइलवर ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप घ्या. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर असेल तर उत्तमच. नसेल तर एससीसी नंबर आणि वर्ष टाका. छोट्या गुन्ह्यांच्या फौजदारी केसना आपल्याकडे एससीसी नंबर पडतो. तोही नसेल तर नावावरून शोधा. नाव मराठीत, इंग्रजीत, आडनाव आधी, वडिलांचं नाव मध्ये, असं उलटंपालटं करून बघा, कारण पोलिसांनी कसं लिहिलंय ते सांगता येत नाही. केस सापडली की पुढची तारीख आणि केस कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. शेवटच्या तारखेला काय झालं ते रोजनाम्यात असतं. नुसती पुढची तारीख पडली असेल तर नशीब समजा आणि त्या दिवशी वेळेत हजर राहा.

वॉरंट निघालं असेल तर

पहिल्या गैरहजेरीला एकदम अजामीनपात्र वॉरंट काढू नये, आधी समन्स, मग जामीनपात्र, अगदीच गरज पडली तर अजामीनपात्र, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सांगितलंय. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत पहिलं वॉरंट जामीनपात्र असतं. पण ते मुदत संपून आपोआप मरत नाही. काढणारं कोर्ट ते रद्द करेपर्यंत किंवा पोलीस ते बजावेपर्यंत ते जिवंत राहतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये तसं स्पष्ट आहे. 'सहा महिने झाले, कोण आलं नाही, म्हणजे मिटलं' हा हिशेब चुकीचा. दिवाळीत पाहुणे घरी असताना शिपाई दारात उभा राहतो तो त्याच जुन्या वॉरंटचा कागद घेऊन.

यावर उपाय एकच: पुढच्या तारखेची वाट न बघता वकील घेऊन आपण होऊन कोर्टात जायचं. वकील वकीलपत्र आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देतात. पोलिसांनी धरून आणलेला माणूस आणि स्वतःच्या पायानं आलेला माणूस यांच्याकडे बघण्याची कोर्टाची नजर वेगळी असते. सकाळी कामकाज सुरू व्हायच्या आधी पोचा. जातमुचलका लिहून द्यावा लागेल, कदाचित जामीनदार मागतील, थोडा दंडही भरावा लागेल. जामीनदार म्हणून येणाऱ्याचं आधार कार्ड आणि मालमत्तेचा किंवा पगाराचा कागद बरोबर असू द्या. चुलतभावाला आदल्या दिवशी रात्री फोन करून जामीनदार मिळत नाही, हे अनुभवाचे बोल.

अर्जात कारण खरं लिहा. आपल्या भागात सगळ्यात जास्त चुकणाऱ्या तारखा ऊस हंगामातल्या. ट्रॅक्टरवाला कारखान्याच्या गेटवर नंबर लावून दोन-दोन दिवस अडकलेला असतो. मग तसंच लिहा आणि काट्याची पावती जोडा. दवाखान्यात असाल तर डिस्चार्ज कार्ड, बाहेरगावी कामाला असाल तर मालकाचं पत्र. ओळखीच्या डॉक्टरांकडून आणलेलं खोटं सर्टिफिकेट जोडू नका. कोर्टाला ते रोज दिसतं, आणि खोटा पुरावा देणं हा आणखी वेगळाच गुन्हा.

वॉरंट रद्द झालं की त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल मागा आणि ती पोलीस ठाण्यात पोच करा. इथं लोक कंटाळा करतात. कोर्टात रद्द झालेलं वॉरंट ठाण्याच्या रजिस्टरला तसंच राहिलं, तर नक्कल मोबाइलमध्ये असलेला माणूस पाच मिनिटांत सुटतो आणि नसलेला दिवसभर बसतो.

यापुढच्या एखाद्या तारखेला खरोखर जमणार नसेल तर वकिलांमार्फत त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्यानं हा सगळा फेरा वाचतो.

गुन्हा कबूल करून दंड भरायचा की केस लढवायची, हे वकिलांशी बोलून ठरवा. आमचं मत विचाराल तर छोट्या चुकीत, चूक खरीच असेल तर, कबूल करून मोकळं व्हावं. पण कलम १८४ म्हणजे धोकादायक वाहन चालवणं आणि १८५ यांत कबुली दिली की शिक्षा नोंदली जाते. १८४ चा गुन्हा तीन वर्षांत पुन्हा घडला तर शिक्षा वाढते. ज्यांचं पोट ड्रायव्हिंगवर आहे त्यांनी घाईनं मान डोलवू नये.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न असलेल्यांना हा हक्क आहे. १५१०० वर फोन करा. आम्ही वकील नाही, कोर्टातल्या कामाचे पैसेही घेत नाही.

आता लायसन

पोलिसांनी लायसन घेतलं तेव्हा दिलेली पावती काढा आणि तिच्यावरचं कलम वाचा. सगळं पुढचं गणित त्यावर आहे. साध्या जप्तीत पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते, लायसन तोवर परत आलं नाही तर मुदत वाढवूनही मागता येते. पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये चौथं पोटकलम आलं. अतिवेग, धोकादायक चालवणं (सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरणं यातच येतं), दारू, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन घेऊन थेट आरटीओकडे पाठवतात. त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. दोन्ही पावत्या दिसायला सारख्याच, म्हणून फसगत होते.

लायसन आरटीओकडे गेलं की कलम १९ खाली नोटीस येते. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय लायसन निलंबित करता येत नाही, आणि आदेशात कारणं लिहावी लागतात. पण तुम्ही गेलाच नाहीत तर एकतर्फी आदेश होतो. तेव्हा ही दुसरी तारीख तरी चुकवू नका. जाताना लेखी म्हणणं घेऊन जा, अर्धं पान पुरे. म्हणणं पटलं तर लायसन सोडून देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना आहे. नाही पटलं तर पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, पुन्हा तसंच घडलं तर लायसन रद्द. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील. हे तीस दिवस कोर्टाच्या तारखेसारखे पुढं ढकलता येतील असं गृहीत धरू नका.

तीन महिने संपले की लायसन आपोआप टपालानं घरी येईल, असं वाटतं अनेकांना. कायद्यात आता उजळणी प्रशिक्षणाची अट आहे. ते पूर्ण केल्याचा दाखला दिल्यावर लायसन परत मिळतं. सारथी या लायसनच्या सरकारी संकेतस्थळावर लायसनची स्थिती तपासा, निलंबन हटल्याचं दिसलं की मगच किल्ली हातात घ्या. मधल्या काळात लायसनची मूळ मुदत संपत असेल तर तेही बघा. मुदत संपून वर्ष उलटलं की नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

लायसन कोर्टानं निकालात निलंबित केलं असेल तर आरटीओत हेलपाटे घालून उपयोग नाही. त्यावर दाद वरच्या कोर्टात.

अपात्र असताना गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाईचे पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. गोकुळ शिरगावच्या, शिरोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनीही लक्षात ठेवावं: अपात्र ड्रायव्हरच्या हातात गाडी दिली तर कलम १८० खाली मालकही आत येतो.

"समन्स आलंच नाही हो"

हे बऱ्याचदा खरं असतं. आरसी बुकावर पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा, मोबाइल नंबर एजंटचा. पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत कळवायचं असतं, कोण कळवतं? दुसरं कारण विकलेली गाडी. मोपेड गावाकडे कुणाला तरी विकली, फॉर्मवर सह्या दिल्या, पैसे घेतले, विषय संपला. पण राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ते केलं नाही की तो तिकडं ट्रिपल सीट फिरतो आणि समन्स तुमच्या नावावर येतं. अशा वेळी विक्रीचा करार, पैसे मिळाल्याचा पुरावा आणि डिलिव्हरीची तारीख असलेला कागद घेऊन वकिलांकडे जा, आणि त्याच आठवड्यात गाडीचं नाव बदलायचं काम आमच्याकडे द्या.

आमच्याकडे येताना

समन्स, पोलिसांची पावती, आरटीओची नोटीस, चलानचा मेसेज, जे असेल ते सगळं आणा. फाटलं, भिजलं असलं तरी आणा, नंबर वाचता आला तरी पुरे. सरकारी फी किती आणि आमची किती हे कागदावर वेगवेगळं लिहून देतो. 'आत ओळख आहे, उद्या सुटेल' असं आमच्याकडे कुणी सांगणार नाही. बाहेर कुणी सांगितलं तर त्याच्याकडे पावती मागून बघा.

मूळ लायसन किंवा आरसी आम्ही ठेवून घेत नाही. समोरच झेरॉक्स काढतो आणि परत देतो.