नाविक चित्रांच्या तैलप्रतिकृती

नाविक चित्रांच्या तैलप्रतिकृती : जुनी आरमारे, समुद्रावरच्या लढाया आणि गाजलेली जहाजे यांच्या मूळ तैलचित्रांवरून कॅनव्हासवर हाताने रंगवलेल्या नकला. रंगाचा प्रत्येक थर ब्रशने दिलेला असल्याने त्या छापील चित्रांहून वेगळ्या ठरतात. मूळ चित्रकाराच्या नावावर त्या खपवल्या जात नाहीत, म्हणून त्यांना बनावट चित्रेही म्हणता येत नाही.

नक्कल म्हटली की नाक मुरडले जाते. पण या चित्रप्रकारात नक्कल पहिल्यापासूनच धंद्याचा भाग होती. डच चित्रकार विलेम व्हॅन द वेल्द (थोरला, १६११–९३) छोट्या गलबतातून थेट लढाईत शिरे आणि कागदावर जहाजे टिपून घेई. १६७२-७३ च्या हिवाळ्यात तो आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा (१६३३–१७०७) इंग्लंडला आले. राजा दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड बांधून दिले : बापाने लढायांची रेखाटने करायची, मुलाने ती रंगवायची. लंडनजवळच्या ग्रिनिचमध्ये, क्वीन्स हाउस या राजवाड्यात त्यांचा कारखाना चाले. रेखाटने जपून ठेवलेली असत. गिऱ्हाईक आले की तीच जहाजे, तीच लढाई पुन्हा नव्या कॅनव्हासवर उतरे. त्यामुळे अमुक चित्र बापाचे, मुलाचे की हाताखालच्या माणसांचे, हा वाद अभ्यासकांना पुरून उरला आहे.

प्रतिकृतीचे काम साधारण असे चालते. मूळ चित्राच्या छायाचित्रावर चौकोनांची जाळी आखतात, तीच जाळी मोठ्या मापात कॅनव्हासवर काढून खाका उतरवतात. आधी आकाश, मग पाणी, मग जहाजांचे सांगाडे, त्यानंतर शिडे आणि धूर. दोरखंड सगळ्यात शेवटी, खालचा रंग पुरता वाळल्यावर. त्यासाठी लांब केसांचा बारीक ब्रश वापरतात. त्याचे ‘रिगर’ हे नावच जहाजाच्या दोरखंडांवरून, म्हणजे रिगिंगवरून पडले आहे. अळशीच्या तेलातला रंग सावकाश सुकतो, म्हणून घाईने केलेली प्रत ओळखू येते : दोरांच्या रेघा आकाशात मिसळून फिसकटलेल्या असतात.

खरी परीक्षा मात्र हाताची नसून जहाजाच्या जाणकारीची असते. प्रत्येक दोर डोलकाठीच्या, परबाणाच्या (शीड लावायच्या आडव्या वाशाच्या) किंवा शिडाच्या ठरलेल्या जागी बांधलेला असतो. हे ठाऊक नसलेला कारागीर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा ओढून मोकळा होतो. शिडे एका बाजूला फुगलेली आणि निशाणे वाऱ्याविरुद्ध फडकणारी, अशा प्रती सर्रास आढळतात. निशाणांचे तर वेगळेच प्रकरण. ब्रिटनच्या युनियन निशाणात तिरपे लाल पट्टे १८०१ मध्ये आयर्लंडसाठी आले. तेव्हा अठराव्या शतकातल्या जहाजावर ते दिसले, की प्रत करणाऱ्याने मूळ चित्र नीट न पाहता सवयीने रंगवले हे लगेच कळते. ब्रिटिश आरमारात १८६४ पर्यंत लाल, पांढरी आणि निळी अशी तीन प्रकारची निशाणे होती, तिथेही हीच गफलत होते.

उलटी अडचण इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘फायटिंग टेमेरेर’ (१८३९, नॅशनल गॅलरी, लंडन) या चित्राची. ट्रफॅल्गरच्या आरमारी लढाईत (१८०५) लढलेले हे ९८ तोफांचे जहाज १८३८ मध्ये मोडीत काढण्यासाठी टेम्स नदीतून ओढत नेले. प्रत्यक्षात डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या, ओढणाऱ्या वाफेच्या बोटी दोन होत्या. टर्नरने डोलकाठ्या ठेवल्या आणि बोट एकच दाखवली. जहाज पश्चिमेकडे चालले होते, तरी मावळता सूर्य त्याच्या मागे आहे. इथे जाणकारी दाखवून ‘दुरुस्ती’ करणारा नकलाकार चित्राचा जीवच काढून घेतो. नक्कल चित्राची करायची असते, घटनेची नव्हे.

कधी नक्कल मुळापेक्षा धडधाकट निघते. ‘मेड्यूस’ ही फ्रेंच आरमाराची फ्रिगेट (मध्यम आकाराचे लढाऊ जहाज) १८१६ मध्ये उथळ पाण्यात रुतून निकामी झाली. तिच्यातून तराफ्यावर उतरलेल्या माणसांचे फ्रेंच चित्रकार जेरिकोने काढलेले प्रचंड चित्र (१८१८-१९) पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्यात डांबरासारखा बिटुमेन रंग वापरलेला. तो कधी नीट वाळत नाही, आकसतो, काळवंडतो. म्हणून १८५९-६० मध्ये गियमे आणि रोंजा या दोन चित्रकारांनी त्याची जवळपास त्याच मापाची प्रत केली. ती फ्रान्समधल्याच आमिअँ शहराच्या संग्रहालयात आहे. लूव्ह्रमध्ये आजही परवाना घेऊन नकला करता येतात, पण प्रत मूळ मापाची असून चालत नाही आणि मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही.

हल्लीच्या बाजाराचे मोठे केंद्र म्हणजे चीनमधील शेंजेन शहरातले दाफेन. १९८९ मध्ये ह्वांग जियांग हा चित्रकार हाँगकाँगहून तिथे आला आणि त्याने कारागीर जमवून घाऊक प्रती रंगवायला सुरुवात केली. एकाने आकाश, दुसऱ्याने जहाज, अशी वाटणीही तिथे चाले. व्हॅन द वेल्द बापलेकांना ती फारशी अनोळखी वाटली नसती. घेताना फसगत होते ती छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारून विकलेल्या चित्रांत. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात, आणि फटकारे खालच्या आकारांशी जुळत नाहीत.

मराठी वाचकाला जवळचे चित्र म्हणजे डॉमिनिक सेरेसने रंगवलेला घेरियाचा, म्हणजे विजयदुर्गाचा पाडाव. ते ग्रिनिचच्या संग्रहात आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी, पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला. तोफमाऱ्यात लागलेल्या आगीत आंग्र्यांचे आरमार जळाले. ‘घेरिया’ हे नाव शेजारच्या गिर्ये गावावरून पडले. लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी एक असलेल्या सेरेसने हे चित्र इंग्रजांच्या बाजूने काढले आहे. त्याची प्रत मागवणाऱ्याला इंग्रजी जहाजांचे दोरखंड हवे तितके तपासता येतील. आंग्र्यांच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि गलबते कशी होती, हे मात्र त्याला दुसरीकडेच शोधावे लागेल.