थ्रॉटल बॉडीची सफाई

पेट्रोल गाडीत एअर फिल्टरकडून येणारा जाड होज पाइप इंजिनाला जिथे मिळतो, तिथला गोल तोंडाचा भाग म्हणजे थ्रॉटल बॉडी. आत आडव्या दांडीवर पातळ चकती बसवलेली असते. गॅरेजात तिला बटरफ्लाय म्हणतात. एक्सलेटर दाबला की ती उघडते आणि आत जाणाऱ्या हवेच्या हिशेबाने ईसीएम (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) पेट्रोल सोडतो. या चकतीच्या कडेची आणि मागची काजळी काढण्याचे काम पाऊण तासाचे आहे.

गाडी आयडलवर असताना, म्हणजे एक्सलेटर न दाबता नुसती चालू असताना, साधारण ७०० ते ८५० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे), चकती जवळजवळ बंदच असते. कडेच्या केसभर फटीतून येईल तेवढ्याच हवेवर इंजिन चालते. ती फट काजळीने बुजली की सिग्नलला गाडी थरथरते, एसी लावताच आरपीएम पडतो, बाजारातल्या गर्दीत क्लच दाबला की गाडी बंद पडते. महामार्गावर मात्र तीच गाडी सुरळीत पळते, कारण तिथे चकती बरीच उघडी असते.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत सगळा दोष धुळीला दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. मूळ काजळी इंजिनाच्या आतून येते. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, ऑइलची वाफ पीसीव्ही व्हॉल्व्ह (ती वाफ सोडणारी झडप) आणि ब्रीदर पाइपमधून हवेच्या वाटेवर परत सोडलेली असते; काही इंजिनांत ईजीआरचा, म्हणजे परत आत वळवलेला जळका, धूरही त्यात मिसळतो. गरम इंजिन बंद केले की ही वाफ थ्रॉटलवर थिजते. त्या चिकट थरावर पांदण रस्त्याचा फुफाटा, सोयाबीनच्या हडंब्याशेजारचे (मळणीयंत्राजवळचे) बारीक कुटार किंवा वणी-घुग्घुसकडची कोळशाची भुकटी बसते, तीही फिल्टरने वाट दिली तरच. म्हणून पुसण्याआधी तो थर बोटावर घेऊन चोळावा. मऊ आणि काळाकुट्ट लागला तर ऑइल. कचकच लागली तर फिल्टर फाटला आहे किंवा त्याचे झाकण नीट बसलेले नाही. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा जवळून मारल्याने कागदी फिल्टरला भोके पडतात. आतून टॉर्च धरली की ती दिसतात. असा फिल्टर ठेवून थ्रॉटल चकाचक करण्यात अर्थ नाही, कारण ती रेती पुढे पिस्टन-रिंगांत जाते.

इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, क्लॅम्प सैल करून होज पाइप ओढून घ्यावा. ईकोसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने आधी सीट उचलावी लागते. थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे फडक्यावर मारून चकती, तिची कड आणि नळीची भिंत पुसावी. कोपऱ्यांसाठी जुना मऊ टूथब्रश पुरतो. एका वेळी १०० मिलीहून जास्त स्प्रे सहसा लागत नाही. तो सरळ आत ओतला तर मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपुढच्या हवेच्या नळ्यांत) साचतो आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. मागची बाजू फार भरली असेल तर बॉडीचे बोल्ट, बहुतेक १० च्या गोटीचे (सॉकेट पान्याचे), काढून ती बाहेर घ्यावी आणि गॅस्केट (जोडातले सील) दबलेले असल्यास बदलावे. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डवर बोल्ट ताकदीने आवळले की आटे जातात. काही बॉडींना कूलंटचे पाइप जोडलेले असतात. ते काढले तर सांडलेले कूलंट पुन्हा भरावे लागते.

केबलच्या जुन्या थ्रॉटलमध्ये चकती बाजूच्या लिव्हरने फिरवावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बोटाने ढकलू नये. आत छोटी मोटर आणि बहुधा प्लॅस्टिकचे गिअर असतात, त्यांचे दात तुटले की अख्खी बॉडीच बदलावी लागते. बॅटरी जोडलेली असेल तर चावी फिरवताच चकती आपोआप हलते, आणि बोट अडकते. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश वर्ज्य. काही थ्रॉटलच्या कडेला कारखान्यातूनच करड्या रंगाचा लेप असतो, तो मळ समजून खरवडला की आयडल कायमचा बिघडतो. रॉकेलने पुसल्यास तेलकट थर उरतो, त्यावर धूळ दुप्पट वेगाने बसते. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थ्रॉटल क्लीनरचा स्प्रे मारू नये.

सफाईनंतर आयडल १,२०० च्या वर गेला तर घाबरू नये. फट बुजत गेली तसतशी ईसीएमने चकती थोडी जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतलेली असते. काजळी गेली, सवय राहिली. बऱ्याच गाड्यांत एसी बंद ठेवून, एक्सलेटरला पाय न लावता, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले की ती निघते. काहींना स्कॅनरनेच (ईसीएमला जोडायच्या यंत्राने) शिकवावे लागते, त्यामुळे तालुक्याच्या गावी स्कॅनरवाला मिस्त्री कुठे आहे ते आधी पाहून ठेवावे.

डिझेल जीप, बोलेरोत हिशेब वेगळा. तिथे झडप असली तरी ती मुख्यतः ईजीआरसाठी असते आणि काजळी डांबरासारखी जाड बसते. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेत क्लीनर मारू नये. तो इंधनासारखा जळतो आणि इंजिन आवरेनासे होते.

डांबरी रस्त्यावरच्या गाडीला ४०,००० किलोमीटरला एकदा सफाई पुरते. रोज शेताकडे जाणाऱ्या गाडीची २०,००० ला उघडून पाहावी. प्रत्येक सर्व्हिसच्या बिलात ही सफाई लावणे मात्र जादाचेच. पुसूनही आयडल वरखाली होत असेल तर थ्रॉटलमागे न लागता होज पाइपची चीर आणि मॅनिफोल्डची गळती शोधावी. उष्णतेने तडकलेले रबर बहुतेक वाकणाच्या खालच्या बाजूला फुटलेले असते, वरून ते दिसत नाही.