क्रूझवरचं वेगळ्या पैशांचं जेवण : सवलतीतून अधिभाराकडे

क्रूझचं बुकिंग झालं की ईमेल सुरू होतात. स्टेकहाउस आत्ताच बुक करा, तीन डिनरचं पॅकेज घ्या, जहाजावर गेल्यावर हा दर मिळणार नाही. मग घरात आणि ग्रुपवर चर्चा रंगते : भाड्यात जेवण आहेच, तर वरचे चाळीस-साठ डॉलर कशाला? उत्तरं बहुधा चवीवर येऊन थांबतात. कुणाला लॉबस्टर आवडलेला असतो, कुणाला मेन डायनिंगची, म्हणजे भाड्यातल्या मुख्य भोजनगृहातली, कोंबडी कोरडी लागलेली असते. पण हा प्रश्न मुळात चवीपेक्षा हिशेबाचा आहे. तो हिशेब शंभर-सव्वाशे वर्षांत कसा उलटा फिरला, हे कळलं की ईमेलमधली सूटही वेगळी दिसायला लागते.

जहाजावर पैसे देऊन जेवायची कल्पना क्रूझ कंपन्यांची नाही, अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांची आहे. १९०५ मध्ये निघालेल्या 'अमेरिका' या जर्मन जहाजावर लंडन-पॅरिसच्या बड्या हॉटेलांच्या धर्तीचं रेस्टॉरंट होतं. पहिल्या वर्गातल्या ज्या प्रवाशाला ठरल्या वेळी, ठरल्या मेन्यूवर जेवायचं नाही, त्याने तिथे यावं, हवं ते मागवावं आणि बिल भरावं. ब्रिटिश कंपन्यांनी ते पाहिलं आणि १९११ मध्ये 'ऑलिम्पिक'वर तसंच रेस्टॉरंट केलं. ते इतकं चाललं की पुढच्या वर्षी 'टायटॅनिक'वर त्याची जागा वाढवावी लागली.

यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. जो प्रवासी संपूर्ण प्रवासात मुख्य डायनिंग सलूनमध्ये जेवणारच नाही असं आधी सांगेल, त्याला तिकिटात ३ ते ५ पौंडांची सवलत मिळे. पहिल्या वर्गाची साधी खोली तेव्हा तीस पौंडांच्या घरात होती, म्हणजे भाड्याचा दहावा भाग किंवा थोडा जास्तच परत. तर्क सरळ होता : तू सलूनचं जेवण खाणार नाहीस, तर त्याचे पैसे आम्ही ठेवत नाही. एकाच जेवणाचे पैसे दोनदा घ्यायचे नाहीत, हे त्या काळच्या जहाज कंपनीला मान्य होतं. आज हे कुठल्याही काउंटरवर मागून पाहावं, समोरचा हसेल.

हे रेस्टॉरंट कंपनी स्वतः चालवत नव्हती, ठेक्यावर दिलेलं होतं. तिथले साठ-सत्तर कर्मचारी, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच, ठेकेदाराच्या पगारावर होते. 'टायटॅनिक' बुडालं तेव्हा त्यांतले फक्त तिघे वाचले. वेगळ्या पैशांच्या जेवणाचा इतिहास सांगताना झुंबरं आणि चांदीचे काटे-चमचे आठवतात, ही माणसं सहसा राहून जातात.

पुढची पन्नास वर्षं भरभर सांगता येतील. १९३६ च्या 'क्वीन मेरी'वर व्हरांडा ग्रिल होता, पहिल्या वर्गासाठी, जादा पैसे देऊन. साठच्या दशकात जेट विमानांनी अटलांटिकचा धंदा खाल्ला आणि उरलेली जहाजं कॅरिबियनच्या उन्हाकडे वळली. फ्लोरिडातून सुटणाऱ्या या नव्या क्रूझची सगळी जाहिरातच 'एकदा पैसे भरा, मग खिशाला हात लावू नका' अशी होती. दारू, जुगार, दुकानं सोडली तर सगळं भाड्यात. जेवणाच्या दोन पंगती, एक सहाच्या आसपास आणि दुसरी साडेआठच्या, टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला. मध्यरात्रीचा बुफे वेगळा. पर्याय नव्हता, म्हणून वाद नव्हता.

पर्याय आला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीला. जुन्या फ्रेंच 'फ्रान्स' जहाजाचं 'नॉर्वे' झालं होतं, त्यावर एक छोटं बिस्ट्रो सुरू झालं. १९९० च्या 'क्रिस्टल हार्मनी'वर इटालियन आणि जपानी अशी दोन वेगळी रेस्टॉरंटं होती आणि त्यांचे पैसे लागत नव्हते. लागत होती ती टीप. माणशी अमुक डॉलर वेटरांना द्यावेत, अशी सूचना असे. १९९८ च्या 'डिस्ने मॅजिक'वर फक्त मोठ्यांसाठीचं इटालियन रेस्टॉरंट आलं, तेही अगदी किरकोळ आकारावर.

या टप्प्यावर घेतले जाणारे पाच-सात डॉलर म्हणजे जेवणाची किंमत नव्हती. नेहमीचा वेटर सोडून तुम्ही दुसऱ्याच्या टेबलावर बसलात, तर त्या दुसऱ्याच्या हातात काहीतरी पडावं, एवढीच ती सोय. जहाजावरच्या नोकरीत टिपेचं मोल काय असतं हे गोव्यातल्या घरांना सांगायला नको. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या काळापासून गोंयकार स्टुअर्ड आणि कुक जहाजांवर आहेत, मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक बिऱ्हाडांत, राहून बोलावण्याची वाट पाहणाऱ्या पिढ्या त्याच मिळकतीवर उभ्या राहिल्या. तेव्हा सुरुवातीच्या आकाराबद्दल कुणी कुरकुर केली नाही, यात नवल नाही. पण तेच पाच डॉलर वीस झाले, पंचवीस झाले, आणि मग त्यावर पुन्हा अठरा टक्के सर्व्हिस चार्ज लागायला लागला. टिपेचं दरात रूपांतर झालं आणि त्या दरावर नवी टीप आली. यावर मात्र कुरकुर व्हायलाच हवी होती, ती फार उशिरा झाली.

२००० हे वळणाचं वर्ष. मायामीतल्या एका मोठ्या कंपनीचा ताबा आशियातल्या एका क्रूझ कंपनीकडे गेला. आशियाई प्रवाशाला ठरल्या पंगतीत अनोळखी लोकांबरोबर बसणं फारसं रुचत नाही, हे या कंपनीला सिंगापूरच्या अनुभवातून माहीत होतं. तिने पंगतीच मोडल्या : हवं तेव्हा, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये, हव्या त्या माणसांबरोबर जेवा. २००१ च्या 'नॉर्वेजियन स्टार'वर दहा रेस्टॉरंटं होती, काही भाड्यातली, काही वेगळ्या पैशांची. याच आशियाई कंपनीचं 'सुपरस्टार लिब्रा' २००५ मध्ये मुंबईला आलं आणि गोवा-लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं. मराठी मध्यमवर्गातल्या अनेकांची क्रूझशी पहिली ओळख तिथलीच, किंवा टूर कंपनीच्या सिंगापूर-मलेशिया सहलीत जोडलेल्या दोन रात्रींची.

त्याच २००० साली 'मिलेनियम' नावाच्या जहाजावर 'ऑलिम्पिक' नावाचं रेस्टॉरंट उघडलं. १९३५ नंतर मोडीत निघालेल्या मूळ 'ऑलिम्पिक'च्या लाकडी पॅनेलांनी त्याच्या भिंती मढवल्या होत्या आणि ती पॅनेलं तिथल्या त्या जुन्या, पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटचीच आहेत, असं कंपनी सांगत होती. लाकूड परत आलं, सवलत आली नाही. भाड्याच्या वर आणखी वीस-पंचवीस डॉलर भरून लोक त्या भिंतींमध्ये बसले.

एवढं झाल्यावर एका कंपनीने जो निर्णय घेतला त्याबद्दल अजूनही दोन तट आहेत, म्हणून त्यावर जरा थांबतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज' निघालं. जहाज प्रचंड, खाण्याची ठिकाणं अठरा. आणि मेन डायनिंग रूम नाही. तिच्या जागी भाड्यातली चार वेगळी रेस्टॉरंटं : एक अमेरिकन, एक आशियाई, एक आधुनिक युरोपीय धाटणीचं आणि एक रोज औपचारिक पोशाखाचं. बाकीच्यांतली बरीच पैसे देऊन जेवायची. प्रत्येकाचा मेन्यू वेगळा, प्रत्येकाचं रिझर्व्हेशन वेगळं.

कागदावर हे प्रवाशाच्या बाजूचं होतं. आतापर्यंत जे वैविध्य विकत घ्यावं लागत होतं, ते चार ठिकाणी फुकट मिळणार होतं. या निर्णयाची बाजू घेणारे आजही हेच म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की लोकांना सवय नव्हती आणि बुकिंगची यंत्रणा कच्ची होती, कल्पना खोटी नव्हती.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला जास्त पटतं. मोफत जेवणासाठी सात रात्रींची सात रिझर्व्हेशनं प्रवासाच्या महिनाभर आधी करायची, तीही सहा-आठ जणांच्या कुटुंबाने. ज्यांनी केली नाहीत ते रांगेत. वेटर रोज नवा, त्यामुळे मुलाला दूध कधी लागतं, आजी कांदा-लसूण खात नाहीत, हे रोज नव्याने सांगायचं. मेन्यू फिरता नव्हता. चार ठिकाणी एकदा जेवून झालं की पाचव्या रात्री काय? नेमकी त्या पाचव्या रात्री पैशांच्या रेस्टॉरंटची पाटी समोर दिसे, आणि तिथे रांग नसे. मुद्दाम असं रचलं होतं का, यावर भांडता येईल. परिणाम तोच होता.

कंपनीने आधी तडजोड केली. ज्यांना हवं त्यांनी चारही ठिकाणी ठरलेल्या क्रमाने जावं आणि वेटरांनीही त्यांच्याबरोबर फिरावं. ही पद्धत 'डिस्ने मॅजिक'वर १९९८ पासून होतीच. आधीच्या एका मोठ्या जहाजावर नवी व्यवस्था आणायचं जाहीर झालं होतं, ते सुरू होण्याआधीच रद्द झालं. २०१६ पर्यंत प्रयोग गुंडाळला गेला. चार हॉल राहिले, चार सजावटी राहिल्या, मेन्यू मात्र सगळीकडे एकच झाला आणि पंगती परत आल्या. मेन डायनिंग रूम ही जुन्या वळणाच्या प्रवाशांची हौस नसून आठवडाभर पाच हजार माणसं जेवू घालण्याची सर्वांत सुटसुटीत तऱ्हा आहे, हे या निमित्ताने सिद्ध झालं. २०१८ मध्ये दुसऱ्या एका जहाजावर चार भाड्यातल्या रेस्टॉरंटची कल्पना पुन्हा आली, पण बऱ्याच सावधपणे, निम्मा मेन्यू सामाईक ठेवून.

यानंतर पैशांची रेषा रेस्टॉरंटच्या दारावर थांबली नाही, ती मेन डायनिंगच्या आत आली. साधा स्टेक भाड्यात, चांगला स्टेक वीसेक डॉलर जास्त. एका कंपनीने तिसऱ्या मुख्य पदार्थापासून पुढे प्रत्येकी पाच डॉलर लावले. खोलीत जेवण मागवलं तर २०१५-१७ पासून दोन मोठ्या कंपन्या ७.९५ डॉलर घेऊ लागल्या, पूर्वी दिवसा तरी ते फुकट होतं. 'अनलिमिटेड' थाळीच्या हॉटेलात बसल्यावर पुरणपोळीचे पैसे वेगळे असल्याचं वाढताना कळावं, तसं हे. दुसऱ्या टोकाला २०२४ च्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर संगीतासह आठ कोर्सचं जेवण माणशी दोनशे डॉलरच्या आसपास गेलं.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. जहाजावर केलेल्या खर्चातून मोठ्या कंपन्यांना आज एकूण उत्पन्नाचा पाव ते तिसरा हिस्सा मिळतो आणि त्या जोरावरच मूळ भाडं इतकं खाली ठेवता येतं. महागाईचा हिशेब लावला तर आतल्या खोलीचं तिकीट तीस वर्षांपूर्वीपेक्षा स्वस्तच निघेल. ज्याला फक्त बुफेत जेवायचंय त्याचा प्रवास स्टेकहाउसमध्ये बसणारा उचलून धरतो. शिवाय शंभर जणांचं स्वयंपाकघर मागणीनुसार पदार्थ करू शकतं, तीन हजारांचं करू शकत नाही. मासा जास्त शिजणं हे तिथे स्वयंपाक्याचं अज्ञान नसतं, वेळेचं गणित असतं. याउलट २००३ पासून धावणाऱ्या एका मध्यम आकाराच्या ताफ्यात जवळपास सगळी खास रेस्टॉरंटं भाड्यातच आहेत, आणि २०२१ च्या 'स्कार्लेट लेडी'ने मेन डायनिंग आणि बुफे दोन्ही काढून वीसएक ठिकाणं एका भाड्यात दिली. तिथलं भाडं अर्थातच चढं. म्हणजे पैसे कुठे ना कुठे द्यावे लागतातच. भांडण ते कधी आणि किती वेळा, एवढ्याचंच.

आपल्याकडच्या प्रवाशासाठी या वादाला आणखी एक पदर आहे, ज्याचा परदेशी चर्चेत उल्लेखही नसतो. बहुतेक खास रेस्टॉरंटं माणशी ठरावीक आकार घेतात. तो आकार स्टेक आणि लॉबस्टर धरून ठरलेला. त्याच टेबलावर मशरूम आणि बटाटा खाणारा शाकाहारी माणूस तेवढेच पन्नास डॉलर भरतो. २०१६ च्या सुमाराला एका कंपनीने बऱ्याच ठिकाणी हा आकार काढून पदार्थागणिक दर लावले, तेव्हा अमेरिकन गिऱ्हाईक भडकलं, कारण त्याचं बिल वाढलं. शाकाहाऱ्याचं मात्र घटलं असतं. त्याच वेळी अनेक अमेरिकन जहाजांच्या मेन डायनिंगमध्ये सांगितलं तर रोज एखादी भारतीय शाकाहारी भाजी, डाळ, भात मिळतो, भाड्यातच. स्वयंपाकघरात भारतीय माणसं असतात, हे त्याचं एक कारण. त्यामुळे शाकाहारी कुटुंबाने स्टेकहाउसचं पॅकेज घेणं म्हणजे शेजारच्या टेबलाचं बिल भरणं. जपानी तेपन्याकी (समोरच तव्यावर शिजवून देतात ते) किंवा इटालियन ठिकाणी प्रश्न इतका सरळ नाही. तिथे जेवणापेक्षा करमणुकीचे किंवा निवांतपणाचे पैसे असतात, आणि समुद्रावरच्या दिवशी दुपारचं जेवण तेच, दर मात्र कमी.

२०२१ पासून मुंबईहून निघणाऱ्या भारतीय क्रूझवर हीच रचना लहान प्रमाणात आली आहे : बुफे आणि मुख्य रेस्टॉरंट भाड्यात, जैन जेवणासकट, आणि पूर्व आशियाई पदार्थांचं एक ठिकाण वेगळ्या पैशांचं. फेऱ्या बहुधा दोन-तीन रात्रींच्या. एवढ्या रात्रींत मुख्य मेन्यूचा कंटाळा येण्याइतका वेळच मिळत नाही, त्यामुळे सात रात्रींच्या कॅरिबियन प्रवासातला 'बदल म्हणून' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

परदेशी बाजारात सध्याची चाल पॅकेजची आहे. बुकिंग करताना दोन-तीन खास डिनर 'मोफत' मिळतात, पण त्यांच्या पूर्ण दरावरचा वीस टक्के सर्व्हिस चार्ज आधीच वसूल होतो, जेवलात तरी आणि नाही जेवलात तरी. मेन डायनिंगमध्ये त्या रात्री न जेवल्याबद्दल परत मात्र काही मिळत नाही.