एक 'पिकअप' आणि त्याचे ढीगभर अर्थ

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या सीझनला गेलात तर पिकअप म्हणजे गोण्या भरून आलेली माल वाहणारी छोटी गाडी. तिथून गॅरेजवर या, गिऱ्हाईक विचारतंय, काय बे, गाडीला पिकअपच नाही की! इथं पिकअप म्हणजे गाडीनं झटक्यात वेग घेणं. लग्नघरात कुणीतरी सांगतं पाहुण्यांना स्टेशनवरनं पिकअप कर, आणि तेवढ्यात दुसरा वैतागलेला असतो की हा फोनच पिकअप करंना. एका शब्दाचे चार अर्थ, आणि ऐकणाऱ्यापैकी एकाचाही घोटाळा होत नाही. मला ह्यातली खरी आश्चर्याची गोष्ट हीच वाटते, आणि भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यावर भरपूर काम करून ठेवलंय.

इंग्रजीत पिक अपचे अर्थ ह्याहून कितीतरी जास्त आहेत. खाली पडलेली वस्तू उचलणं हा मूळचा. मग ऐकून ऐकून भाषा शिकणं, मंदावलेला धंदा परत सुधारणं, रेडिओनं सिग्नल पकडणं, कुठूनतरी आजार लागणं, अर्धवट सोडलेली गोष्ट पुढं चालू करणं, पोलिसांनी एखाद्याला पकडून नेणं. शेवटचा अर्थ तर आपल्याकडं पण जसाच्या तसा आहे, 'रात्री पोलिसांनी त्याला उचलला' असंच म्हणतो आपण. आता ह्याचे समानार्थी शब्द काढायला बसलं की लिफ्ट, लर्न, इम्प्रूव्ह, डिटेक्ट, रिझ्यूम, अरेस्ट असे शब्द निघतात, पण लर्न आणि अरेस्ट ह्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणून परीक्षेत नुसतं 'पिक अपला समानार्थी शब्द लिहा' असं विचारणं मला पटत नाही, वाक्य दिल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नसतं.

पण एकाच शब्दावर इतका भार कशाला? ह्याचं एक उत्तर हार्वर्डचे जॉर्ज किंग्जली झिफ यांनी १९४५ साली मांडलं. जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थ पण जास्त असतात, आणि हे प्रमाण साधारण वर्गमुळाच्या हिशोबानं चालतं, म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट जास्त वापरात असेल तर त्याचे अर्थ सुमारे दहापट. बोलणाऱ्याला थोडक्या ओळखीच्या शब्दांत काम भागवायचं असतं, ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द असेल तर सोपं जातं, आणि ह्या दोघांच्या ओढाताणीतून भाषा कुठंतरी मधे येऊन थांबते असं झिफ यांचं म्हणणं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात 'रन' ह्या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवलेत. त्यामानानं 'पिक अप' फारच साधं म्हणायचं.

अर्थ वाढतात ते पण कसेही वाढत नाहीत. उचललं की वस्तू हातात येते, हातात आली की आपली होते, मग भाषा असो नाहीतर आजार, तो पण 'आपल्याकडं आला' ह्याच वाटेनं त्या अर्थाला पोचतो. 'अप'ची वाट वेगळी. वर म्हणजे जास्त, खाली म्हणजे कमी, ही जोडी माणसाच्या डोक्यात घट्ट बसलेली आहे, कारण पोत्यात धान्य ओतलं की ढीग वर चढताना आपण लहानपणापासून बघतो. जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली हेच सविस्तर दाखवलं. आपल्या यार्डात कांद्याचा भाव चढतो, पडतो, कोसळतो, तो काय जिन्यावरनं थोडाच जातो! धंदा 'पिक अप' होतो तो ह्याच हिशोबानं. ह्याच 'अप'ला अजून एक काम आहे, एखादी क्रिया पुरती संपवल्याचं सांगणं. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. इथं वर काहीच जात नाही, उलट ताट रिकामं होतं.

क्रियापद आणि 'अप'सारखा छोटा शब्द अशा ह्या जोड्या इंग्रजीत फार जुन्या आहेत. जुन्या इंग्रजीत असले छोटे शब्द बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी चिकटायचे, नंतरच्या शतकांत ते मागं सरकले. मधे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, आणि पुढं एकाच अर्थाला घरचा एक आणि दरबारचा किंवा ग्रंथातला एक असे दोन-दोन शब्द मिळत गेले. पुट ऑफ आणि पोस्टपोन, गिव्ह अप आणि सरेंडर, पुट अप विथ आणि टॉलरेट. आपल्याकडं पण बघा, घरात 'कार्यक्रम पुढं ढकलला' म्हणतो आणि सभेच्या इतिवृत्तात तीच गोष्ट फारसीच्या वळणानं आलेल्या 'तहकूब'नं होते. अर्थ जवळपास एक, पण बसायची जागा वेगळी, म्हणून समानार्थी शब्द म्हणजे डोळे झाकून एकाच्या जागी दुसरा ठेवता येतो असं नसतं. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात अवघड जातात त्या ह्याच जोड्या. ह्या जोड्यांचं 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र अलीकडचं, १९२५ साली लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या पुस्तकातून ते रूढ झालं.

आता डोक्यात काय होतं ते. डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मला फार आवडतो. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि 'बग' म्हणजेच चोरून ऐकायला लपवलेला मायक्रोफोन. लोकांना हेडफोनवर गोष्ट ऐकवली, त्यात किड्यांचाच विषय चाललाय हे स्पष्ट होतं, आणि 'बग' ऐकल्याक्षणी समोर पडद्यावर एक अक्षरसमूह दाखवून हा खरा शब्द आहे का असं विचारलं. किड्याशी जुळणारा 'मुंगी' हा शब्द लोकांनी पटकन ओळखला ते ठीक, पण लपवलेल्या मायक्रोफोनशी जुळणारा 'हेर' हा शब्द पण तितकाच पटकन ओळखला! म्हणजे संदर्भ समोर असतानाही क्षणभर दोन्ही अर्थ जागे झाले होते. अजून तीनच अक्षरं पुढं जाऊन तपासलं तर नको असलेला अर्थ विझून गेलेला. हे सगळं सेकंदाच्या आत होतं, त्यामुळं आपल्याला पत्ता पण लागत नाही.

मग 'हीट अप'सारखी जोडी मेंदू दरवेळी दोन शब्द जुळवून तयार करतो की आख्खी साठवतो? २०१० साली कॅपेल, श्टिरॉव्ह आणि पुलव्हरम्यूलर यांनी हे एमईजी यंत्रानं तपासलं, ते मेंदूतल्या पेशींच्या विजेमुळं डोक्याबाहेर तयार होणारं अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजतं. वापरात असलेली जोडी ऐकली की मेंदूचा प्रतिसाद न जुळणाऱ्या जोडीपेक्षा मोठा आला, एखादा ओळखीचा आख्खा शब्द ऐकल्यावर यावा तसा. त्यावरून अशी जोडी एकसंध शब्दासारखी साठवलेली असावी असं त्यांनी मांडलं.

आपल्याला तर हे नवीन वाटायचं कारणच नाही. इंग्रजी 'ईट अप' म्हणते तिथं आपण 'खाऊन टाक' म्हणतो, आणि त्यात कोण काय टाकतंय? 'विसरून बसला' म्हणजे खुर्चीवर बसला नाही. आणि 'लागणे' तर विचारूच नका, एसटी स्टँडवर 'अक्कलकोटची बस लागली' आणि प्रवासात उलट्या होणाऱ्यासाठी 'तिला बस लागते', भूक लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, आणि तो तुमचा कोण लागतो! इंग्रजी दिशा सांगणारा शब्द जोडते, आपण दुसरं क्रियापद जोडतो, एवढाच फरक. सोलापुरात राहणाऱ्यासाठी ह्याच्या पुढचं अजून मजेशीर आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'करून टाक'ला 'चेसेय' म्हणतात, त्यातलं 'वेय' म्हणजे टाक, फक्त बोलण्यात घासून गेलेलं. कन्नडमधे 'माडिबिडु', त्यातलं 'बिडु' म्हणजे सोड. मराठी एका भाषाकुळातली, ह्या दोघी दुसऱ्या, तरी युक्ती तीच. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ साली भारत हा एकच 'भाषिक प्रदेश', म्हणजे कुळं वेगळी असूनही शेजारामुळं भाषांच्या सवयी सारख्या झालेला भाग, असल्याचं मांडलं, पुढं कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या पुस्तकात ही जोड-क्रियापदं त्याची एक ठळक खूण म्हणून तपासली.

मग आपली पोरं इंग्रजीत ह्या जोड्या का टाळतात? १९८५ साली डॅगट आणि लाउफर यांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांत हेच बघितलं, गिव्ह अप येत असूनही ती एकशब्दी जड क्रियापद निवडायची, कारण हिब्रूत तशी रचनाच नाही. ह्यावर मला एक आकडा धीर देणारा वाटतो. इंग्रजीतल्या सगळ्यात जास्त वापरातल्या १०० जोड्यांचे ५५९ अर्थ निघतात असं २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस यांनी मोजलं, म्हणजे एकीला साडेपाचच्या वर. पण २०१५ साली गार्निये आणि श्मिट यांनी प्रत्यक्ष वापर तपासला तेव्हा १५० जोड्यांना मिळून २८८ अर्थच पुरेसे ठरले, एकीला जेमतेम दोन, बाकीचे क्वचितच वापरात येतात. तेव्हा शिकवणाऱ्यांनी पिक अपचे सगळे अर्थ एकाच तासाला फळ्यावर लिहायची गरज नाही, नेहमीचे दोन घ्यावेत, प्रत्येकाला एक आख्खं वाक्य द्यावं, आणि 'पिक इट अप' चालतं पण 'पिक अप इट' चालत नाही हे त्याच वाक्यातून कानावर पडू द्यावं.