रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? परवाना मिळाल्यावरचा पहिला प्रश्न

“सर, परवान्यावर बत्तीस बोअर लिहिलंय. दुकानदार म्हणतो पिस्तूल घ्या, वडील म्हणतात रिव्हॉल्व्हरशिवाय दुसरं काही घरात आणायचं नाही. दोन्ही बत्तीसच आहे ना? मग एवढा घोळ कशाला?”

नेमबाजीच्या रेंजवर आलेल्या एका तरुण सराफाने मला हे विचारलं. कोल्हापूरकडचा, आठवड्यातून दोनदा दागिने घेऊन गाडीने जाणारा. मी नव्या परवानाधारकांना शस्त्र हाताळायला शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. पेट्रोलपंपवाले विचारतात, बागायतदार विचारतात, मागे एका निवृत्त शिक्षिकेनेही विचारला होता. किंमत, वजन, दिसणं यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा झालेली असते. पण ही दोन यंत्रं मुळातच वेगळी आहेत, हे त्यांना कोणी नीट समजावून दिलेलं नसतं. बातम्यांमध्येही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरणारं चक्र असतं. त्यात बहुधा सहा घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढायला लागलं की घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, मागे जातो, चक्र एक घर पुढे सरकतं, घोडा सुटून काडतुसाच्या बुडावर आपटतो. सगळं काम तुमच्या बोटाच्या जोरावर होतं. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतलं, त्यानंतर फिरत्या चक्राची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

पिस्तुलाचं तंत्र निराळं. काडतुसं मुठीत सरकवलेल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की सगळ्यात वरचं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये जाऊन बसतं. गोळी सुटल्याच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जाते, रिकामं कवच बाहेर फेकते आणि परतताना पुढचं काडतूस आत ढकलते. पहिल्या वेळी तुम्ही हात लावायचा, पुढचं सगळं यंत्र स्वतः करतं. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग याच जातीचं, म्हणजे पिस्तूल. त्याला रिव्हॉल्व्हर म्हटलेलं मी अनेकदा ऐकलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता बत्तीसचा घोळ. परवान्यावरचा हा एक आकडा, म्हणजे नळीचा अंदाजे व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत, दोन वेगळ्या काडतुसांना लागू होतो. रिव्हॉल्व्हरला लागतं ते ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’. पिस्तुलाला लागतं ते ‘.३२ एसीपी’, ज्याच्या खोक्यावर पुष्कळदा ७.६५ मिमी असंही लिहिलेलं असतं आणि जे जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलाबरोबर १८९९ मध्ये आलं. त्या सराफाच्या तळहातावर मी दोन्ही शेजारी ठेवली. रिव्हॉल्व्हरचं कवच साधारण २३ मिमी लांब, बुडाशी चांगली बाहेर आलेली कड. पिस्तुलाचं १७ मिमीच्या आसपास, आखूड, कड जेमतेम बोटाला लागेल इतकी. तो बराच वेळ दोन्ही निरखत राहिला. “म्हणजे भावाच्या पिस्तुलाची काडतुसं माझ्या रिव्हॉल्व्हरला चालणार नाहीत?” नाही चालणार. काही रिव्हॉल्व्हरच्या घरात ती आखूड काडतुसं शिरतात, म्हणून तर जास्त सांभाळायचं. शिरलं म्हणजे चाललं असं मानू नका. शस्त्रावर कोरलेलं आणि खोक्यावर छापलेलं नाव शब्दन्‌शब्द जुळलं पाहिजे. बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसली तर ते काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. ‘किर्की फॅक्टरी’ या जुन्या नावाची ती अक्षरं अजून तिथे कोरली जातात.

बत्तीसच का, असंही विचारतात. कारण ९ मिमी आणि .३८ ही आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात आणि सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये पहिल्या शस्त्रासाठी ज्या पिस्तुलांची शिफारस असते, ती बहुतेक तुमच्या कामाची नाहीत. तिथली चर्चा वेगळ्या बाजारातली आणि वेगळ्या कायद्यातली आहे. इथे निवड मुख्यतः सरकारी कारखान्यांच्या बत्तीसमधून होते. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर, वजन अर्धा किलोच्या आसपास. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’, सातशे ग्रॅमच्या घरातलं, ज्याचं चक्र बाजूला उघडतं. पिस्तुलात ‘अशनी’. बाकी खासगी कारखान्यांची आणि जुनी परदेशी शस्त्रं हस्तांतरणाने मिळतात ती.

कायद्याची एक गोष्ट मात्र निवडीच्या आधी माहीत हवी. शस्त्र नियम २०१६ मधला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या पिशवीत असावं, पूर्णपणे झाकलेलं असावं आणि तुमच्या ताब्यात राहील असं असावं. म्हणजे कमरेचं शस्त्र लोकांना दिसेल असं मिरवणं हा आपल्याकडे नियमभंग आहे. झाकून बाळगणं हाच नियम. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर ते शस्त्र खिशात घालून पणजीला जाता येत नाही, हेही गाडीत बसण्याआधी आठवायला हवं.

झाकायचंच आहे म्हटल्यावर पिस्तूल लगेच पुढे सरकतं. ते चपटं असतं. पॅंटच्या आत, शर्टाखाली, कमरेला लागून बसतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र जाडीला जास्त, त्यामुळे कमरेवर फुगवटा येतो. आपल्या हवेत वर्षातले आठ महिने कोट-जॅकेट घालत नाही कोणी. सुती शर्टाखाली तो फुगवटा कळतो, खाली वाकलं की जास्तच. घामाचा त्रास मात्र दोघांनाही सारखा. मुंबई-कोकणात पावसाळाभर दर दोन-तीन दिवसांनी पुसून तेलाचा हात फिरवला नाही, तर महागातलं शस्त्रही गंजतं.

इतकं वाचून पिस्तूल घ्यावं असं वाटेल. पण माझ्या मते खरा प्रश्न जाडीचा नाहीच. तुम्हाला झोपेतून उठवलं, तर हातातलं शस्त्र भरलेलं आहे की रिकामं, हे तुम्ही न चुकता सांगू शकाल का? माझ्यासाठी निवड इथे ठरते.

रिव्हॉल्व्हर आपली अवस्था लपवत नाही. खटका दाबा, जुन्या घडणीचं असेल तर नळी पुढे झुकते, नव्या घडणीचं असेल तर चक्र बाजूला येतं. सहाही घरं समोर. काडतूस आहे किंवा आरपार उजेड दिसतोय. आठ वर्षांच्या मुलालाही त्यातला फरक कळेल.

पिस्तूल लपवतं. त्या निवृत्त शिक्षिकांबरोबर त्यांचा मुलगा आला होता, पिस्तूल त्याचं. टेबलावर ठेवताना त्याने झटक्यात मॅगझिन काढलं आणि म्हणाला, “रिकामं आहे, सर.” मी नळी मातीच्या बांधाकडे धरली आणि स्लाइड मागे ओढली. एक काडतूस उडून बाहेर आलं, टेबलावर दोनदा आपटलं आणि घरंगळत त्याच्या आईच्या पर्सजवळ जाऊन थांबलं. कोणी काही बोललं नाही. ते काडतूस घरी निघण्याआधीपासून चेंबरमध्ये होतं. गाडीत, आईच्या शेजारी, सगळा रस्ताभर. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज मी इतक्या जणांकडे पाहिलाय की आता पहिल्याच तासाला फक्त हेच करून घेतो: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड पूर्ण मागे, मग डोळ्यांनी चेंबर पाहणं, मग करंगळी घालून चाचपणं. या क्रमात चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढलं, तर तुम्ही स्वतःच्या हाताने नवं काडतूस आत भरून ठेवलेलं असतं.

चापाचं सांगायला हवं. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप ओढला तर तो लांब आणि जड लागतो, पाच किलोच्या आसपास. बोट चुकून लागलं म्हणून सहसा सुटत नाही, हा त्याचा गुण. त्याच जडपणामुळे नेम खाली-डावीकडे जातो, हा दोष. हा दोष सरावाने जातो, सरावाशिवाय जात नाही. पिस्तुलाचा चाप बहुधा हलका आणि आखूड, म्हणून कागदावर गोळ्या एका जागी पडतात आणि नवखा खूश होतो. पण बत्तीसच्या साध्या पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते. स्लाइड ओढायला दोन्ही हातांत जोर लागतो. शिक्षिकाबाईंना ती अर्ध्यावर आणूनही पुढे जमेना. त्यांची बोटं संधिवाताने आखडलेली. अर्धवट ओढलेली स्लाइड सोडली की काडतूस वाकडं अडकतं, आणि मग ते सोडवण्याची वेगळी कसरत.

अडकण्याचा मुद्दा रिव्हॉल्व्हरच्या बाजूने जातो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, चक्र पुढचं घर समोर आणतं. पिस्तुलात थांबून, मॅगझिनला खालून थाप मारून, स्लाइड ओढून ते बाहेर काढावं लागतं. ही हालचाल अंगात भिनायला शेकडो वेळा करावी लागते. नवख्याने पिस्तूल चेंबर रिकामं ठेवूनच बाळगावं असं मी सांगतो, आणि त्याचा अर्थ असा की प्रसंग आलाच तर दोन्ही हात मोकळे हवेत. एका हातात दागिन्यांची बॅग असेल तर ते कसं करणार, हे घरी आरशासमोर, रिकाम्या शस्त्राने करून पाहा.

म्हणून रिव्हॉल्व्हर सुरक्षित, असं लिहून मी मोकळा होणार नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत एका नामवंत अभिनेत्याच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पहाटे गोळी सुटली आणि पायात शिरली. जुन्या घडणीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आड येणारा पोलादी तुकडा नसतो. घोड्यावर आपटून पडलं तर गोळी सुटू शकते. वडिलांचं, आजोबांचं शस्त्र नावावर करून घेत असाल तर आधी जाणकार कारागिराला दाखवा, आणि तोवर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. सहाऐवजी पाचच. हातातून निसटलेलं शस्त्र झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलताना बोट चापात जातं. आणखी एक, रिव्हॉल्व्हर धरताना बोटं चक्राच्या पुढच्या कडेजवळ नकोत. तिथल्या फटीतून तापलेला वायू बाहेर येतो आणि कातडी भाजते.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून एकदाही रेंजवर येणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी पहिलं शस्त्र म्हणून रिव्हॉल्व्हरच घ्यावं. जाड असलं, जड असलं तरी. जो नियमाने येईल, दर वेळी परवान्याच्या मर्यादेत जमतील तेवढी काडतुसं झाडेल आणि रिकामं करण्याचा तो क्रम डोळे मिटून करेल, त्याने पिस्तूल घ्यायला माझी हरकत नाही. काडतुसांची संख्या परवान्यावर मर्यादित असते, ती सरावावरच खर्च व्हायला हवी. कपाटात जपून ठेवलेलं खोकं कोणाचं रक्षण करत नाही.

आणि काहींना मी काहीच घेऊ नका असं सांगतो. घरात कोणी मनाने खचलेलं असेल, कोणी रोज दारू पीत असेल, तर शस्त्र त्या घरात ठेवायचं नाही. परवाना असला तरी ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं, निवडणुकीच्या काळात पुष्कळजण करतातच. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, पण तिथेही तो समोरच्या धोक्याच्या मापानेच वापरायचा आहे. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

सराफाला मी दोन्ही शस्त्रं हाताळायला दिली, काडतुसांशिवाय. पिस्तूल त्याच्या हाताला लगेच बसलं, चेहराही खुलला. मग विचारलं, घरी रात्री कुठे ठेवणार? म्हणाला, दुकानाच्या तिजोरीत शस्त्र, काडतुसं वरच्या खोलीत कुलपात, किल्ली वडिलांकडे. वडिलांचं वय बहात्तर. म्हणजे कधीतरी शस्त्र त्यांच्याही हातात येणार, रिकामं आहे का ते त्यांनाही पाहावं लागणार.

पुढच्या रविवारी तो वडिलांना घेऊन आला. परवाना मुलाचा, म्हणून गोळी त्यांनी झाडली नाही. माझ्या देखरेखीखाली, रिकामं रिव्हॉल्व्हर आणि रिकामं पिस्तूल आळीपाळीने उघडून पाहिलं. पिस्तुलाची स्लाइड तिसऱ्यांदाही पूर्ण मागे आली नाही. रिव्हॉल्व्हरचा खटका दाबला, चक्र बाहेर आलं, ते त्यांनी खिडकीकडे धरलं आणि एका डोळ्याने सहाही घरांतून बाहेरचं ऊन पाहिलं.

“हे घे,” मुलाला म्हणाले.