हिवाळी नौवहन संशोधनाचे अर्थसाहाय्य

समुद्र गोठल्यावरही मालवाहतूक चालू राहावी म्हणून जहाजांची रचना, इंजिनशक्ती, बर्फाचे बळ आणि बर्फफोडी जहाजांची सेवा यांविषयी जे संशोधन होते, त्याला पैसा पुरवण्याची व्यवस्था. ती दीर्घकाळ सलग चालत आलेली आहे ती बाल्टिक समुद्रात, फिनलंड व स्वीडन यांच्याकडे. फिनलंडचा परदेश व्यापार वजनाने ९० टक्क्यांहून अधिक समुद्रमार्गे होतो आणि बोथनियाच्या आखाताचा उत्तर भाग दर हिवाळ्यात गोठतो. फिनलंडची केमी व औलू आणि स्वीडनचे लुलिओ ही बंदरे महिनोन्‌महिने बर्फात असतात. त्यामुळे तिथे हे संशोधन विद्यापीठांच्या आवडीनिवडीवर सोडलेले नाही, ते प्रशासनाच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

दोन्ही देशांच्या सागरी प्रशासनांनी १९७२ मध्ये हिवाळी नौवहन संशोधन मंडळ स्थापन केले. आज त्यात फिनलंडकडून परिवहन व दळणवळण संस्था (ट्राफिकोम) आणि परिवहन पायाभूत सुविधा संस्था, तर स्वीडनकडून परिवहन संस्था आणि सागरी प्रशासन असे चार घटक आहेत. मंडळाची स्वतःची प्रयोगशाळा नाही. ते दरवर्षी प्रस्ताव मागवते, त्यांतून निवड करते, पैसे देते आणि पूर्ण झालेल्या कामाचे अहवाल क्रमांक देऊन सर्वांसाठी खुले करते. अहवालांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. सुरुवातीच्या काळातील ‘सी आइस-७५’ या संयुक्त मोहिमेत बर्फाची हालचाल आणि विमानातील रडारवर दिसणारे बर्फाचे चित्र यांची सांगड घातली गेली.

या निधीचे वैशिष्ट्य असे की पैसे देणारा आणि नियम करणारा एकच आहे. दोन्ही देशांत बर्फफोडी जहाजाच्या मदतीचे प्रत्येक वेळी वेगळे शुल्क लागत नाही, तो खर्च जलमार्ग शुल्काच्या व्यवस्थेत सामावलेला असतो. मदत अशी मिळत असेल तर कमकुवत जहाज आणण्याचा मोह मालकाला होणारच. म्हणून प्रशासन अट घालते, की ठरावीक बर्फवर्ग (बर्फात चालण्याच्या क्षमतेनुसार जहाजाला दिलेली श्रेणी) आणि ठरावीक वहनक्षमता असलेल्या जहाजालाच मदत मिळेल. हिवाळा कडक होत जातो तशी ही अटही चढत जाते. बर्फवर्गाची व्याख्या फिनिश-स्वीडिश बर्फवर्ग नियमांत आहे, आणि त्या नियमांतील आकडे कुठून आणायचे या प्रश्नावर मंडळाचा बराच पैसा खर्च होतो. ‘हे संशोधन झाल्यावर नियमातले नेमके काय बदलेल?’ याचे उत्तर नसलेला प्रस्ताव, कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी, इथे मागे पडतो.

नियमांचा गाभा इंजिनशक्तीचा आहे. बर्फफोडीने पाडलेल्या वाटेत बर्फाचा चुरा साचतो. ही वाट पुन्हापुन्हा फोडली जाते, पुन्हापुन्हा गोठते आणि चुऱ्याचा थर जाड होत जातो. अशा वाटेत जहाजाने निदान ५ नॉट (ताशी सुमारे ९ किमी.) वेग राखला पाहिजे. चुऱ्याची जाडी आयए या बर्फवर्गासाठी १ मीटर, आयबीसाठी ०.८ मीटर आणि आयसीसाठी ०.६ मीटर धरतात. आयए सुपर या सर्वांत वरच्या वर्गासाठी १ मीटर चुऱ्यावर आणखी ०.१ मीटर घट्ट गोठलेला थर असतो. लागणारी शक्ती अशी काढतात : वाटेतील प्रतिरोध (जहाजाला बर्फाचा होणारा अडथळा) किलोन्यूटनमध्ये घेऊन त्याचा दीड घात करायचा, त्याला प्रोपेलरच्या प्रकारानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणायचे आणि प्रोपेलरच्या मीटरमधील व्यासाने भागायचे. एकच, पाती फिरवता येणारा प्रोपेलर असल्यास हा गुणांक २.०३ असतो. समजा प्रतिरोध ६०० किलोन्यूटन आणि व्यास ५ मीटर आहे, तर सुमारे ५,९७० किलोवॉट लागतील. याशिवाय किमान मर्यादा आहेच : आयए सुपरला २,८०० आणि इतर तीन वर्गांना १,००० किलोवॉट.

नियमातील सूत्राऐवजी जहाजाच्या लहान प्रतिकृतीच्या चाचणीतून आलेला प्रतिरोधही मंजूर होऊ शकतो. वरच्या उदाहरणात चाचणीने तो १५ टक्के कमी, म्हणजे ५१० किलोन्यूटन दाखवला, तर शक्ती सुमारे ४,६८० किलोवॉटवर येते, म्हणजे २२ टक्के बचत. जहाजमालक अशा चाचणीचे पैसे आनंदाने भरतो. मात्र चाचणीची पद्धत विश्वासार्ह आहे की नाही हे तपासण्यात कोणाही एका मालकाला रस नसतो. सार्वजनिक निधीची खरी गरज तिथे आहे.

तपासण्यासारखे पुष्कळ असते. हेलसिंकीतील अकर आर्क्टिक या कंपनीचे बर्फकुंड (पाणी गोठवून प्रतिकृतीची चाचणी घेण्याचे कुंड) ७५ मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे, तर एस्पो येथील आल्टो विद्यापीठाचे ४० बाय ४० मीटर. प्रतिकृती १:२५ प्रमाणाची असेल तर १ मीटरचा चुरा ४ सेंटिमीटरचा होतो आणि ५ नॉट वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरवर येतो. बर्फाचे वाकण्याचे बळ ५०० किलोपास्कलवरून २० वर आणावे लागते. जहाजावर पडणारा जोर मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे ६०० किलोन्यूटनचा प्रतिरोध कुंडात जेमतेम ३८ न्यूटन भरतो. मोजमापात एका न्यूटनची चूक झाली, तर खऱ्या जहाजावर ती साडेपंधरा किलोन्यूटनची होते. इतका मऊ बर्फ साध्या पाण्याचा होत नाही. पाण्यात मीठ किंवा इथेनॉल मिसळतात, थंड हवेत बारीक फवारा मारून थर चढवतात आणि बळ हवे तितके उतरेपर्यंत हवा किंचित उबदार करतात. चाचणीची वेळ टळली की तोच बर्फ पिठूळ होतो, तुटण्याऐवजी दबतो आणि प्रतिरोधाचा आकडा फसवा येतो. प्रतिकृतीवरील रंगाचे घर्षण, चुऱ्यातील पोकळी, वाटेच्या कडांना साचलेला ढीग या गोष्टीही निकाल हलवतात. दोन कुंडांत एकाच जहाजाचे आकडे जुळले नाहीत, तर त्यामागे बहुधा यांपैकीच एखादे कारण असते.

प्रत्यक्ष जहाजावरील मोजमाप याहून महाग पडते. पत्र्यामागच्या फासळ्यांच्या वरच्या व खालच्या टोकांना विकृतिमापक (भाराने धातू किती ताणला किंवा वाकला हे मोजणारी उपकरणे) चिकटवतात, आणि दोन टोकांच्या कर्तन विकृतीतील फरकावरून त्या फासळीवर बर्फाने किती भार टाकला हे काढतात. राउमा येथे बांधलेल्या ‘एस. ए. अगुल्हास २’ या दक्षिण आफ्रिकी संशोधन जहाजावर नाळ (जहाजाचे पुढचे टोक), नाळेचा खांदा आणि मागचा खांदा अशा तीन जागी मापक बसवून २०१२ च्या मार्चमध्ये बाल्टिकमध्येच चाचण्या घेतल्या गेल्या. तापमान बदलले की मापकाचा शून्यबिंदू सरकतो. तो वेळोवेळी निर्बर्फ पाण्यात तपासला नाही, तर सगळी नोंद संशयास्पद ठरते.

आणि हिवाळा कोणाच्या वेळापत्रकाने येत नाही. १९८७ च्या हिवाळ्यात जवळजवळ सगळा बाल्टिक गोठला होता, तर २०१९-२० मध्ये बर्फाचा कमाल विस्तार अवघा सुमारे ३७,००० चौ. किमी. भरला. कॅलेंडर वर्षावर बेतलेला निधी अशा वेळी अडचणीत येतो : मापक बसवून झाले, माणसे नेमली, पण मोजायला बर्फच नाही. सौम्य हिवाळ्यात निधी पुढच्या हंगामात वळवण्याची मुभा करारातच घ्यावी. मागाहून ती मिळवणे फार जिकिरीचे होते.

इतर मार्गांनीही पैसा येतो. फिनलंडचे पहिले बर्फकुंड १९६९ मध्ये हेलसिंकीत उभे राहिले ते ‘मॅनहॅटन’ या तेलवाहू जहाजाच्या वायव्य मार्गावरील (कॅनडाच्या उत्तरेकडील आर्क्टिक जलमार्गावरील) सफरीच्या निमित्ताने, तेल कंपनी एस्सोच्या गरजेतून. युरोपीय संघाने विनमॉस प्रकल्पांतून बाल्टिकमधील बर्फफोडी सेवेच्या नियोजनाला आणि नव्या बर्फफोडी जहाजांच्या विकासाला हातभार लावला. नॉर्वेत संशोधन परिषद व उद्योग यांच्या भागीदारीतून सामकॉट हे आर्क्टिक सागरी तंत्रज्ञानाचे संशोधन केंद्र २०११ पासून आठ वर्षे चालले. उद्योगाचा पैसा मोठा आणि झटपट मिळतो, पण मोजमापे कंपनीच्या कपाटात राहण्याचा धोका असतो. नियम करणाऱ्याला ती पाहता आली नाहीत तर त्यांचा उपयोग निम्माच.

२०१३ पासून नव्या जहाजांना लागू झालेल्या ऊर्जाकार्यक्षमता निर्देशांकाने (माल वाहताना जहाज किती कार्बन सोडते याच्या आंतरराष्ट्रीय मापदंडाने) नवा पेच टाकला. निर्देशांक इंजिन लहान ठेवायला लावतो आणि खुल्या पाण्याला सोयीची नाळ पसंत करतो. बर्फात हीच जहाजे आधी अडकतात. निर्देशांकात बर्फवर्गासाठी दुरुस्ती गुणक आहेत, तरी बर्फफोडींवरचा भार किती वाढेल हा प्रश्न उरतो.

निधी भरपूर आणि तंत्र यशस्वी असूनही प्रकल्प थांबू शकतो, याचे उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत सापडते. १९७० च्या कायद्यानुसार अमेरिकी काँग्रेसने तिथे हिवाळी वाहतुकीचा प्रात्यक्षिक कार्यक्रम मंजूर केला, आणि तो १९७९ पर्यंत चालला. हवेचे बुडबुडे सोडून तळाचे कोमट पाणी वर आणणाऱ्या नळ्या, तरंगते अडसर, बर्फाचे अंदाज हे सगळे आजमावले गेले. १९७४-७५ च्या हिवाळ्यात वरच्या सरोवरांत वाहतूक खंड न पडता चालली. पण सुपीरियर व ह्यूरन सरोवरांना जोडणाऱ्या सेंट मेरीज नदीत जहाजांनी मोकळा केलेला बर्फ खाली वाहत येऊन लिटल रॅपिड्स कटच्या अरुंद पात्रात तुंबे आणि शुगर बेटाची फेरीबोट अडून पडे. त्यासाठी १९७५ मध्ये तिथे तरंगते अडसर टाकावे लागले. काठची धूप व पाणथळ जागांची हानी या कारणांवरून विरोध वाढला आणि वर्षभर वाहतुकीला कायमची मंजुरी मिळाली नाही. याच नदीवरील सू लॉक (जहाजांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजे) आजही साधारणपणे १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात.