जुन्या लाकूड-लोखंडाच्या जुळण्या : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण घेतलेली जुळणी, म्हणजे जुने तुकडे एकत्र मांडून केलेली कलावस्तू, पाडलेल्या कौलारू घरांतून आणि मोडीत निघालेल्या होड्यांतून आलेल्या लहान तुकड्यांपासून मालवणच्या आमच्या कार्यशाळेत हाताने तयार केलेली आहे. आमच्या बहुतेक जुळण्या वीतभर उंचीच्या असतात आणि काचेचे झाकण असलेल्या उथळ पेटीत बसवलेल्या असतात. ही वस्तू कशी घडते, तिच्यावरचा गंज आणि उडालेला रंग आम्ही का काढत नाही आणि ती घरी कशी सांभाळावी, हे आपल्याला नीट कळावे म्हणून हे पत्रक सोबत देत आहोत.

कोकणात कौलारू घर उतरवले जाते तेव्हा तुळया आणि सागवानी दरवाजे घेण्यासाठी व्यापारी दारात हजर असतात. पण रिपांचे तुकडे, खालून कुजलेल्या चौकटी, बिजागऱ्या, खिडकीचे गज आणि फुटकी कौले सरपणात किंवा भंगारात जातात. फायबरच्या होड्या आल्यापासून जुन्या लाकडी होड्यांच्या फळ्यांचेही तेच होते. आम्ही हा माल मालकाला पैसे देऊन घेतो आणि तो कोणत्या गावातल्या घराच्या कोणत्या भागाचा होता, हे त्याच वेळी लिहून ठेवतो. तीच नोंद आपल्या पेटीच्या मागे चिकटवलेली आहे.

सध्या आमच्या टेबलावर असलेल्या एका जुळणीत माजघराच्या दाराची तळहाताएवढी फळी आहे. दाराची कडी वर्षानुवर्षे हलून तिच्यावर अर्धवर्तुळाकार खाच पडली आहे; खाचेतले लाकूड गुळगुळीत आणि फिकट आहे, तर भोवतीचे चुलीच्या धुराने काळे झाले आहे. कडी केव्हाच हरवली. आम्ही तिथे दुसरी कडी लावली नाही. कडी नसतानाही ती कुठून कुठवर फिरत होती, हे त्या खाचेत स्पष्ट दिसते. फळी पॉलिश केली असती तर नेमके हेच नाहीसे झाले असते. आमचे काम झीज थांबवण्याचे आहे, पुसण्याचे नाही.

या कलाप्रकाराला जगभर असेम्ब्लाज म्हणतात. हा शब्द फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे यांनी 1953 मध्ये आपल्या कामासाठी वापरला आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील 1961 च्या प्रदर्शनानंतर तो रूढ झाला. पेटी आणि तिच्यावरची काच ही रीत मात्र आम्ही न्यूयॉर्कचे जोसेफ कॉर्नेल (1903–1972) यांच्या कामातून शिकलो. जुन्या दुकानांतून जमवलेल्या किरकोळ वस्तू ते अशा पेट्यांत मांडत असत.

घडणीत सर्वांत जास्त वेळ मीठ काढण्यात जातो. किनाऱ्यावरच्या लोखंडात खारी हवा मुरलेली असते, आणि ते मीठ आत राहिले तर वरून काहीही लावले तरी गंज खालून वाढतच राहतो. सुरुवातीच्या काळात आम्ही होडीच्या खिळ्यांची एक जुळणी फक्त घासून, वार्निश लावून दिली होती. पहिल्याच पावसाळ्यात वार्निशाला फोड आले आणि खिळ्यांचे पापुद्रे सुटले. ती चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून प्रत्येक लोखंडी तुकडा आम्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अनेक आठवडे ठेवतो आणि ते पाणी वरचेवर बदलतो. मग त्याला हिरड्याचा दाट काढा लावतो. हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून काळा रंग होतो, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इथे तोच काळा थर गंजाला बांधून ठेवतो. शेवटी मेणाचा पातळ हात दिला जातो.

लाकडातील कीड मारण्यासाठी आम्ही औषध फवारत नाही. तुकडा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवला की आतली अळी मरते. लाकूड पावसाळ्यात रुंदीच्या अंगाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून फळ्या आम्ही गोंदाने न चिकटवता लांबट भोकांतून पितळी स्क्रूने धरतो, म्हणजे त्यांना हलायला वाव राहतो आणि त्या तडकत नाहीत. पावसाळ्यात फळीशेजारची फट थोडी बारीक झालेली दिसली तर तो दोष समजू नये.

एका गोष्टीकडे आपण आवर्जून लक्ष द्यावे, ही विनंती. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आमच्या तुकड्यांवरचे रंग त्यापूर्वीचे असल्यामुळे त्यांत शिसे आहे असेच आम्ही धरून चालतो. म्हणून रंगीत तुकडा असलेली जुळणी आम्ही काचेशिवाय देत नाही. आपणही काच काढू नये, रंग घासू नये आणि पेटी लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

पेटी थेट उन्हात, स्वयंपाकघरात किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये. काच कोरड्या मऊ कापडाने पुसावी; फवारा मारायचाच असेल तर तो कापडावर मारावा, काचेवर नको. पेटीखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर ती किडीची खूण समजून लगेच कळवावे.

परदेशी राहणाऱ्या ग्राहकांसाठी एक खुलासा करणे आवश्यक आहे. पुरावशेषविषयक 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू, तसेच इमारतीपासून सुटे केलेले तेवढेच जुने भाग खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे जिथे वयाबद्दल शंका असते तो तुकडा, विशेषतः कोरीव काम, आम्ही जुळणीत घेतच नाही. शंखशिंपल्यांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे, समुद्रकिनारी राहत असूनही, आम्ही शंखशिंपले वापरत नाही.

एखादा तुकडा सैल झाला तर घरी डिंक लावू नये. पेटीच्या मागच्या नोंदीवरील क्रमांक कळवून जुळणी आमच्याकडे पाठवावी. सर्व जोड स्क्रूचे असल्यामुळे ती पूर्ण उकलून पुन्हा जशीच्या तशी बसवता येते, आणि या कामाचे आम्ही पैसे घेत नाही.